रमाईचा त्याग मागणाऱ्यांनो, लेकराचा डबा कोण भरतो?

भीमजयंतीच्या तयारीची बैठक होती. विहारात पंधरा-वीस कार्यकर्ते जमले होते. वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग, डीजे लावायचा की व्याख्यान ठेवायचे, हा नेहमीचा वाद रंगात आला होता. तेवढ्यात एका तरुण कार्यकर्त्याचा फोन वाजला. त्याने कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलला आणि "मीटिंगमध्ये आहे, तूच बघ ना" एवढे बोलून ठेवून दिला. शेजारचा म्हणाला, "होम मिनिस्टर वाटतं!" सगळे हसले. आम्हीही हसलो.

नंतर कळले की त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला सणकून ताप भरला होता आणि त्याची बायको रात्री साडेनऊला पोराला खांद्यावर टाकून एकटी रिक्षा शोधत होती. पोरगा दोन दिवसांत बरा झाला. आज ती मुलाला घेऊन माहेरी राहते आहे. त्या एका रात्रीमुळे नव्हे. अशा रात्री चार वर्षे साचत गेल्या होत्या.

समेटासाठी आम्हाला बोलावले गेले. चळवळीतल्या जुन्या माणसांना असे बोलावतातच. आम्ही गेलो आणि ठरलेले तीन प्रश्न विचारले. मारतो का? पितो का? बाहेर काही भानगड आहे का? तिन्ही प्रश्नांना ती "नाही" म्हणाली. आमचा प्रश्नसंच तिथेच संपला! मग तीच बोलली, "भाऊ, माणूस वाईट नाही. पण लेकरू माझं एकटीचं आहे." त्यावर तो उसळला, "मी कमावतो कुणासाठी? आणि मी पोराला काही करायला गेलो की हीच म्हणते, राहू द्या, तुम्हाला काय कळतं. आता पोरगं माझ्याकडे येतच नाही, त्याला मी काय करू?"

दोघेही खरे बोलत होते. बायको दुरावली, पोरगा दुरावला, आणि ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत असे त्या तरुणाला वाटत होते. आम्हालाही तेव्हा तसेच वाटत होते. दुखणे एकच होते, हे कळायला आम्हाला वेळ लागला, आणि ते चळवळीच्या तरुणांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

नवरा-बायकोचे सुख, बापाचे मुलांशी नाते आणि दोघांनी मिळून मूल वाढवणे, या तीन गोष्टी आपण वेगवेगळ्या खणांत ठेवतो. पहिली नशिबाची, दुसरी स्वभावाची, तिसरी बाईची. वास्तवात तिन्ही एकाच दोरीला बांधलेल्या आहेत. एक ओढली की दुसऱ्या दोन हलतात. आणि या दोरीची गाठ तिसऱ्या गोष्टीत आहे, म्हणजे आई आणि बाप मुलाच्या बाबतीत एकमेकांचे जोडीदार आहेत की नाहीत यात. अभ्यासक याला सहपालकत्व म्हणतात. नवरा-बायको म्हणून दोघांचे कसे चालले आहे ही एक गोष्ट. आई-बाप म्हणून ते एकमेकांच्या पाठीशी उभे राहतात का, ही दुसरी. प्रेमविवाह केलेली जोडपीही दुसऱ्या परीक्षेत नापास होतात, आणि ज्यांचे एकमेकांशी फारसे जमत नाही अशी काही माणसे मुलासाठी चोख जोडीदार ठरतात.

अमेरिकेत या विषयावर बराच अभ्यास झाला आहे. मार्क फाइनबर्ग या अभ्यासकाने २००३ साली सहपालकत्वाचे चार भाग मांडले. मूल कसे वाढवायचे याबद्दल दोघांचे एकमत, कामाची वाटणी, एकमेकांना पाठिंबा देणे की एकमेकांचा शब्द पाडणे, आणि घरातले वातावरण दोघांनी मिळून सांभाळणे. पहिले मूल झाल्यावर बहुतेक जोडप्यांचे समाधान घसरते, हे तिथल्या अनेक पाहण्यांत आढळले. नवरा-बायकोतला कडवटपणा मुलाशी वागण्यात झिरपतो, हेही आढळले. आणि एक गोष्ट आम्हाला विशेष वाटली. भांडणाची झळ आई-मुलाच्या नात्यापेक्षा बाप-मुलाच्या नात्याला जास्त लागते, असे अनेक अभ्यास सांगतात (सगळे नव्हेत). बायकोशी बिनसले की बाप मुलापासूनही मागे सरतो. आई सरत नाही, तिला सरता येत नाही.

हे अभ्यास बहुतांशी तिथल्या गोऱ्या, मध्यमवर्गीय, दोघांच्याच संसारावर झालेले आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत आजी, दीर, नणंद आणि चार पोरे राहतात तिथे ते जसेच्या तसे लागू करणे मूर्खपणाचे होईल. पण बाप मुलापाशी का पोहोचत नाही याचे उत्तर आमच्या वस्तीतही तेच मिळते. बापाची मुलाकडे जाणारी वाट आईच्या दारावरून जाते, कारण मुलाचा सगळा कारभार आपण आईच्या गळ्यात टाकलेला असतो. मूल काय खाते, कशाने रडते, त्याची कुठली लस राहिली, शाळेत कोणाशी भांडते, ही सगळी माहिती तिच्याकडे. आईशी अबोला झाला की बापाला मुलाशी बोलायला विषयच उरत नाही. मग तो एकच काम करतो, आल्यावर विचारतो, "अभ्यास केला का?" यालाच आपण लक्ष देणे म्हणतो.

नुसती बापाची हजेरी वाढवून हे सुटत नाही, हेही सांगितले पाहिजे. इन्स्पेक्टरसारखा घरात येणारा बाप आम्ही खूप पाहिले आहेत. आईने मोबाइल काढून घेतला की हा देतो आणि लाडका होतो. आईने सांगितले आठला झोपायचे, हा दहाला आईस्क्रीम घेऊन येतो. पोरासमोर म्हणतो, "तुझ्या मम्मीला अक्कल नाही." अशा बापाचा सहभाग वाढला तर घर आणखी पेटते. मूलही चलाख असते. दोघांत फट कुठे आहे हे त्याला तीन वर्षांचे असतानाच कळते.

उलट बाजूही आहे. आमच्या त्या कार्यकर्त्याची तक्रार खोटी नव्हती. आई कधीकधी दार अडवून बसते. बापाने लंगोट उलटा बांधला की ओढून घेते, त्याने भरवले की "सांडलं सगळं" म्हणते. पण याचा दोष बाईच्या माथी मारण्याआधी थांबावे. ज्या बाईला सासरी कशातच मत नाही, पैशात नाही, घर घेण्यात नाही, मतदान कुणाला करायचे यातही नाही, तिला फक्त एका ठिकाणी राज्य मिळालेले असते, चुलीवर आणि लेकरावर. ते राज्य ती सहज का सोडेल? आधी बाकीच्या कारभारात तिला वाटा द्या, मग लेकराचा वाटा मागा. आणि सासू? मुलाने नातवाचे दुपटे धुतले तर "बाईलवेडा झाला" म्हणणारी आजी आमच्या वस्तीत जागोजागी आहे. तिच्या हातून वाढलेला मुलगा तसा झाला यात नवल ते काय!

आता आकडे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के रोज बिनपगारी घरकाम करत होत्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करत होते त्यांतही स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, पुरुष ९७ मिनिटे. घरातल्या माणसांची, म्हणजे मुले, म्हातारे, आजारी यांची काळजी घेण्यात स्त्रिया १३४ मिनिटे, पुरुष ७६ मिनिटे. हे त्यातल्या सहभागी पुरुषांचे झाले, आणि असे पुरुष होते १०० पैकी १४. उरलेल्या ८६ जणांचे काय? ते बहुधा आमच्यासारखेच बैठकीत असतील.

कोणी म्हणेल, आमचे पुरुष आळशी नाहीत, त्यांना वेळच नाही. हे निम्मे खरे आहे आणि ते सवर्ण मध्यमवर्गाच्या पालकत्वाच्या गप्पांत कधी येत नाही म्हणून आम्ही ठासून सांगतो. कंत्राटी सफाई कामगार एक दिवस घरी बसला तर त्या दिवसाची हजेरी बुडते. रात्रपाळीचा वॉचमन सकाळी घरी येतो तेव्हा पोरे शाळेला निघालेली असतात. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्वाची १५ दिवसांची रजा आहे, खासगी नोकरीतल्या बापासाठी देशात तसा कायदाच नाही. आईसाठी २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा आली, ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सक्ती आली. पण धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या आमच्या बाईला त्यातले काय मिळाले? राज्य सरकारने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुषालाही दिली, पण कुठल्या? ज्याची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे त्याला! म्हणजे बायको मरेपर्यंत बापाने मूल सांभाळायचे कारण नाही, असे शासनही मानते.

ऊसतोडीला जाणारी जोडपी बघा. मराठवाड्यातून दर हंगामाला हजारो कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीच्या नावावर, पण पैसे मोजून घेतो नवरा. फडात दोघे सारखेच राबतात, तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहते. लेकरू उसाच्या पाचटावर झोपलेले असते. संध्याकाळी कोपीवर परतल्यावर तो बिडी पेटवतो आणि ती चूल. दिवसभर बरोबरीची मजूर असलेली बाई अंधार पडला की पुन्हा एकटी आई होते. म्हणून सगळा दोष गरिबीवर टाकता येत नाही. गरिबी वेळ हिरावते, हे खरे. पण उरलेला तासभर कोणाच्या वाट्याला कोणते काम येणार, हे गरिबी ठरवत नाही. ते ज्या व्यवस्थेने ठरवले तिचे नाव आपल्याला चांगले माहीत आहे. जातीवर काम ठरवणारी आणि लिंगावर काम ठरवणारी ती एकच व्यवस्था. बाहेर आम्ही म्हणतो, झाडू आमच्या हातात जन्माने आला, तो आम्ही फेकून दिला. घरात मात्र तो झाडू बायकोच्या हातात जन्मानेच आला आहे असे आम्ही मानतो.

इथे हमखास रमाईचे नाव निघते. जयंतीच्या व्यासपीठावरून आम्ही किती वेळा ऐकले आहे, "रमाईने त्याग केला म्हणून बाबासाहेब घडले, आजच्या बायकांना काय झालंय?" आम्ही स्वतः असे भाषण केलेले आहे, लपवत नाही. पण ज्यांचे नाव घेऊन हा त्याग मागितला जातो, त्या बाबासाहेबांनी स्वतः काय लिहून ठेवले? १९२८ साली 'बहिष्कृत भारत'मध्ये त्यांनी आपल्या प्रपंचाबद्दल लिहिले आहे. आपण परदेशी असताना जिने संसाराची काळजी वाहिली, परत आल्यावर हलाखीत जिने डोक्यावर शेणीचे भारे वाहिले, तिच्या सहवासात चोवीस तासांतला अर्धा तासही आपल्याला घालवता आला नाही, असा त्या मजकुराचा आशय आहे. यात अभिमान नाही, ऋण आहे. १९२६ मध्ये राजरत्न गेला. तीन मुलगे आणि एक मुलगी अशी चार अपत्ये या जोडप्याने मातीत दिली. तेव्हा मित्राला लिहिलेल्या पत्रात बोलतो आहे तो हताश झालेला बाप. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुढे पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांनी आपल्या रामूला अर्पण केला. ज्या माणसाने बायकोच्या कष्टाला आयुष्यभर कर्ज मानले, त्याच्या नावाने आम्ही बायकांकडे हप्ते मागतो.

आणि एक फरक लक्षात घ्या. बाबासाहेब गोलमेज परिषदेला गेले होते. आम्ही वर्गणीच्या हिशेबावर रात्री साडेअकरापर्यंत भांडतो आणि त्यातला एक तास पानटपरीवर जातो.

बाबासाहेबांची या प्रश्नावरची भूमिका त्यांच्या सार्वजनिक कामात स्वच्छ दिसते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपण ही एकट्या बाईची खासगी भानगड आहे हे त्यांना मान्य नव्हते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधानसभेत मांडला. बाळंतकळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मूल कोणीच होऊ दिले नसते, हा त्यातला रोखठोक युक्तिवाद आजही घराघरात वाचून दाखवण्यासारखा आहे. ठराव फेटाळला गेला. मग २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत हजारो स्त्रियांपुढे ते म्हणाले की मुलांची लग्ने घाईने करू नका, आणि आई-बापांचे कर्तव्य हे की आपल्याला मिळाली त्याहून चांगली सुरुवात प्रत्येक मुलाला मिळवून द्यावी. त्याच भाषणात बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा, असेही सांगितले. मुलाची चांगली सुरुवात आणि बायकोची बरोबरी, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच भाषणात का आणल्या याचा विचार आम्ही फारसा केलेला नाही. स्त्रियांची प्रगती हे समाजाच्या प्रगतीचे माप, हे वाक्य आम्ही बॅनरवर छापतो आणि भाषण तिथेच सोडतो.

हा प्रश्न धम्मातही आहे. सिगालोवाद सुत्तात सहा दिशा सांगितल्या आहेत. पूर्व दिशा म्हणजे आई-वडील. मुलाला वाईटापासून आवरणे, चांगल्याला लावणे, विद्या-कौशल्य शिकवणे, योग्य जोडीदाराशी लग्न करून देणे आणि वेळेवर वारसा हाती देणे, ही त्यांची पाच कर्तव्ये. ही पाचही कर्तव्ये आई आणि वडील दोघांची मिळून सांगितली आहेत. एवढे आईचे, एवढे बापाचे, अशी वाटणी तिथे नाही. पश्चिम दिशेत नवरा-बायकोची कर्तव्ये येतात. आपल्या बौद्ध विवाहविधीत वर-वधूकडून ज्या प्रतिज्ञा वदवून घेतात त्या या पश्चिम दिशेतून आल्या. वर म्हणतो, पत्नीचा सन्मान करीन, अवमान करणार नाही, व्यभिचार करणार नाही, कारभाराचा अधिकार देईन, वस्त्रालंकार देईन. वधू म्हणते, घरातली कामे नीट करीन, पाहुण्यांचा मान ठेवीन, व्यभिचार करणार नाही, धनाचे रक्षण करीन, दक्ष राहीन.

आता जरा थांबून पाहा. घरकाम वधूच्या प्रतिज्ञेत आहे. आणि मुलांचा उल्लेख दोघांच्याही प्रतिज्ञेत नाही. पूर्व दिशा लग्नमंडपात येतच नाही! अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समाजात बायकोला कारभाराचा अधिकार द्या असे सांगणे ही मोठी गोष्ट होती, हे मान्य. पण बुद्धाने आपले म्हणणेही तपासून घ्या म्हणून सांगितले, असे आपणच लोकांना अभिमानाने सांगतो ना? मग बौद्धाचार्यांपुढे आमची विनंती आहे की वर आणि वधू दोघांकडून एकच समान प्रतिज्ञा वदवून घ्यावी. होणाऱ्या अपत्याचे संगोपन आम्ही दोघे मिळून करू आणि मुलांसमोर एकमेकांचा अवमान करणार नाही. पूर्व दिशेतले शब्द पश्चिम दिशेत आणायचे आहेत, बाहेरून काही आणायचे नाही. यावर वाद होईल. व्हावा.

कायद्याचेही असेच अडलेले आहे. हिंदू कोड बिल बाबासाहेबांना हवे तसे होऊ दिले गेले नाही आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नंतर तुकड्यातुकड्यांनी कायदे आले. त्यातला १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम ६ नुसार मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा मात्र सर्वसाधारणपणे आईकडे. म्हणजे शी-शू काढायची असते तोवर आई, आणि सही करायची असते तेव्हा बाप. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने "नंतर" या शब्दाचा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर असा नसून त्याच्या गैरहजेरीतही असा लावला. तेवढी फट पडली, कलम तसेच राहिले. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आधी आईचे, मग वडिलांचे नाव येते. आईचे नाव कागदावर आले, चांगले झाले. आता बापाचे हात घरात दिसले पाहिजेत.

"हे सगळे बाईमाणसांचे विषय, आधी जाती नष्ट होऊ द्या," असे सांगणारे मित्र आम्हाला आहेत. त्यांनी बेबीताई कांबळे यांनी आपले आत्मकथन वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून का लिहिले याचा विचार करावा. ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' वाचावे, शिकणारी, लिहिणारी, चळवळीत जाणारी बाई घरात काय किंमत मोजते ते त्यात आहे. या बाया आमच्याच चळवळीच्या, आमच्याच घरांतल्या. त्या लिहीत होत्या तेव्हा मुले कोण सांभाळत होते? त्याच. आणि दुसरे असे की जात पुढच्या पिढीला शिकवली जाते ती घरातच. बाप हुकूम सोडतो, आई ऐकते, हे पाहत वाढलेले मूल उच्च-नीच म्हणजे काय ते शाळेच्या आधी शिकते. त्याला नंतर समतेची पुस्तके देऊन काय होणार?

आता आमची स्वतःची गोष्ट, कारण दुसऱ्याच्या घरात डोकावून स्वतःचे दार लावून घेणे बरे नाही. आमची मुलगी सातवीत असताना तिला 'माझे बाबा' हा निबंध होता. त्यात तिने लिहिले, माझे बाबा समाजाचे आहेत. आम्हाला केवढा अभिमान वाटला! दोन-तीन सभांत आम्ही ते सांगितले, टाळ्याही पडल्या. ती बारा वर्षांनी एका रात्री सहज म्हणाली, "ते कौतुक नव्हतं बाबा, तक्रार होती. आईला तेव्हाच कळलं होतं." आम्ही तिच्या आईकडे पाहिले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सांगून काय उपयोग होता? तुम्ही तेही भाषणात सांगितलं असतं."

यापुढे आम्ही काय करणार ते थोडक्यात. "मदत" हा शब्द आम्ही घरातून काढला आहे. स्वतःच्या मुलाचे करणे ही बायकोला मदत कशी होईल? मुलाचे कुठले तरी एक काम बापाने पूर्णपणे स्वतःकडे घ्यावे, लस असो, डबा असो, पालकसभा असो. बायकोने आठवण करून द्यायची वेळ येऊ नये, कारण आठवण ठेवणे हेच निम्मे काम असते. पहिले महिनाभर तो ते वाईटच करील. डबा जळका जाईल, वेणी वाकडी बांधली जाईल. त्या महिन्यात आईने आणि आजीने गप्प राहायचे. हे आम्ही त्या कार्यकर्त्याच्या बायकोलाही सांगितले, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मतभेद झाले तर मुलासमोर शब्द पाडायचा नाही, रात्री मूल झोपल्यावर भांडायचे, हवे तेवढे. आणि संघटनेच्या बैठका रात्री नऊला ठेवणे बंद.

पुढची बैठक रविवारी सकाळी दहाला ठेवली आहे. विहारात सतरंजीच्या एका टोकाला पाट्या, खडू आणि चार खेळणी राहतील, आणि पोरांकडे पाळीपाळीने दोन पुरुष कार्यकर्ते बघतील. पहिली पाळी आमची आहे. त्या तरुणाला निरोप धाडला आहे, सासरी जा, मुलाला आण, त्याची दुधाची बाटली कुठली आणि तो कशाने झोपतो हे तिला विचारून घे. त्याने अजून "हो" म्हटलेले नाही. परवा त्याचा फोन आला होता. विचारत होता, पोरगं दोन तास माझ्याकडे राहिलं नाही आणि रडलं तर सगळ्यांसमोर काय करू? आम्ही सांगितले, रडू दे, बैठक थांबवू.